उतरणीचा हिशेब : सह्याद्रीतील लोहमार्ग आणि ‘कार्य’ व ‘ऊर्जा’ या संज्ञा

१

वर्धा जिल्ह्याच्या आर्वी तालुक्यातील रोहणा हे गाव पुलगाव–आर्वी या अडीच फूट मापाच्या अरुंद लोहमार्गावरील एक स्थानक होते. हा मार्ग १९१७ साली सुरू झाला. त्याची लांबी अवघी पस्तीस किलोमीटर. भोवताली काळ्या जमिनीचा, कापसाचा मुलूख. वाटेत ना घाट, ना बोगदा. त्यावरून धावणारी लहान गाडी आता इतिहासजमा झाली आहे. परंतु त्या गाडीने पुलगावास पोचविलेल्या मालाचा पुढचा प्रवास ध्यानात घेतला, तर पदार्थविज्ञानातील एका मूलभूत तत्त्वाचा आणि मराठी शास्त्रीय परिभाषेतील दोन महत्त्वाच्या शब्दांचा इतिहास एकत्रच उलगडू लागतो.

पुलगाव हे भुसावळ–नागपूर या रुंद लोहमार्गावरील स्थानक. १८६७ साली हा मार्ग नागपुरास पोचला आणि वऱ्हाड व वर्धेकडील कापसास मुंबईचे बंदर लोहमार्गाने जोडले गेले. अरुंद मार्गावरील माल पुलगावास मोठ्या वाघिणींत भरावा लागे. तेथून तो भुसावळमार्गे तापीच्या खोऱ्यात उतरे, मनमाड व नाशिककडे पुन्हा चढे, आणि इगतपुरीस सह्याद्रीच्या कड्यावर येऊन थांबे. इगतपुरीपासून कसाऱ्यापर्यंतचा थळघाट उतरल्यावाचून रुईची एकही गाठ या मार्गाने मुंबईस जाऊ शकत नसे. रोहण्याच्या सपाटीवर ज्या गुणामुळे आगगाडी स्वस्त ठरली, तोच गुण या घाटात भयाचे कारण झाला. तो गुण म्हणजे घर्षणाचा अभाव. या विरोधाचा उलगडा कसा झाला आणि मराठीने त्यासाठी शब्द कोठून आणले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

२

प्रथम तत्त्व पाहू. एखादी वस्तू उतरणीवरून खाली येते तेव्हा तिचे वजन तिच्यावर कार्य करीत असते. या कार्याचे माप काढताना उतरणीची लांबी विचारात घ्यावी लागत नाही. वस्तू उभ्या रेषेत किती खाली आली एवढेच पाहावे लागते. उंचावर असताना वस्तूच्या ठायी जी ऊर्जा साठलेली असते, ती उतरताना दोन वाटांनी खर्च होते. काही भाग घर्षणाविरुद्ध झालेल्या कार्यात जाऊन त्याची उष्णता होते, आणि उरलेला भाग वेगाच्या रूपाने वस्तूत प्रकट होतो. जमेची बाजू उंची ठरविते आणि खर्चाची बाजू घर्षण व वेग मिळून भरून काढतात. तिसरे खाते नाही.

येथे एक भेद महत्त्वाचा आहे. वजनाने केलेले कार्य वाटेवर अवलंबून नसते. घर्षणाचे कार्य मात्र वाटेच्या लांबीवर अवलंबून असते. त्यामुळे तीच उंची लांब आणि मंद उतरणीने उतरली, तर घर्षणास आपला वाटा उचलण्यास अधिक अवसर मिळतो. डोंगरातील पायवाटा वळणे घेत उतरतात यात चालणाऱ्याची सोय आहे, तसेच हे गणितही आहे.

आता हे गणित थळघाटास लावून पाहावे. घाटाची लांबी ९ मैल २६ साखळ्या, म्हणजे सुमारे १५ किलोमीटर. उभी उतरण ९७२ फूट, म्हणजे सुमारे २९६ मीटर. सरासरी उतार पन्नासास एक पडतो, आणि सर्वांत तीव्र उतार सदतिसास एक आहे. रुईची आजची प्रमाण गाठ १७० किलोग्रॅमची असते. ती इगतपुरीहून कसाऱ्यास आली म्हणजे तिच्या वजनाने सुमारे ४ लाख ९३ हजार ज्यूल इतके कार्य केलेले असते. एवढ्या उष्णतेने साधारण दीड लिटर पाणी उकळीस येईल. आणि घर्षण मुळीच नसते, तर तीच गाठ कसाऱ्यास ताशी सुमारे २७० किलोमीटर वेगाने पोचली असती. एका गाठीचा हा हिशेब आहे. हजार टनांच्या मालगाडीच्या बाबतीत हीच ऊर्जा सुमारे ८०० युनिट विजेइतकी भरते.

३

सपाटीवर आगगाडीचा सारा लाभ घर्षणाच्या अल्पतेत आहे. पोलादी चाक पोलादी रुळावर फिरते तेव्हा दर टनामागे अवघा दोन-तीन किलोग्रॅम-भार इतका विरोध होतो. कच्च्या रस्त्यावरील बैलगाडीस याच्या अनेक पटींनी विरोध सोसावा लागतो. म्हणूनच रोहण्यासारख्या गावातून लहानशा इंजिनास डब्यांची माळ ओढून नेता येई. परंतु पन्नासास एक या उतारावर दर टनामागे वीस किलोग्रॅम-भार इतकी ओढ खालच्या दिशेने लागते. थळघाटाच्या पंधरा किलोमीटरांत चाकांचा स्वाभाविक विरोध एकूण ऊर्जेचा सुमारे आठवा भागच खाऊ शकतो. उरलेले सात भाग कोणी तरी, कोठे तरी रिचवावे लागतात. न रिचविल्यास ते वेगात जमा होतात.

बैलगाडीच्या रस्त्यावर हा प्रश्न अशा स्वरूपात उभाच राहत नाही. पन्नासास एक या उतारावर कच्च्या रस्त्याचे घर्षणच बहुधा सारी ऊर्जा गिळून टाकते. बैलांना तेथेही थोडेबहुत ओढावेच लागते. उतार तीव्र असला तर बैल मागे रेटून धरतात, गाडीवान चाकापुढे दगड लावतो. घर्षण हा सपाटीवरील प्रवाशाचा शत्रू, पण उतारावर तोच त्याचा राखणदार. लोहमार्गाने शत्रूस हुसकावले, त्याबरोबर राखणदारही गेला.

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे मुख्य अभियंते जेम्स जॉन बर्कली यांच्यापुढे चढाचा प्रश्न होता तितकाच उताराचाही होता. बोरघाटाचे काम १८५६ साली सुरू झाले. हा घाट थळघाटापेक्षा मोठा : लांबी १५ मैल ६८ साखळ्या, उंची १८३१ फूट, बोगदे पंचवीस. एका ठिकाणी डोंगराने वळणास जागाच ठेवली नव्हती. तेथे गाडीने एका बाजूने येऊन पूर्ण थांबावे आणि इंजिन दुसऱ्या टोकास जोडून उलट दिशेने पुढे जावे, अशी योजना करण्यात आली. कंत्राट सॉलोमन ट्रेडवेल यांच्याकडे १८५९ साली आले. परंतु आगमनानंतर थोड्याच दिवसांत त्यांचा मृत्यू झाला आणि त्यांच्या पत्नी अॅलिस ट्रेडवेल यांनी कंत्राटाची जबाबदारी पुढे चालविली. बर्कली स्वतः १८६२ साली निवर्तले. १८६३ साली बोरघाटातून गाडी सुरू झाली, आणि १८६५ च्या आरंभी थळघाटातून. या दोन वाक्यांत ज्या हजारो मजुरांचे श्रम सामावले आहेत, त्यांतील कितीएक पटकीने व अपघातांनी घाटातच राहिले. त्यांची नावे कोणत्याही पाटीवर नाहीत.

४

उलट दिशेने जाण्याचे ते स्थानक म्हणजे उतरणीच्या हिशेबाची कसोटीच होती. खंडाळ्याकडून उतरणाऱ्या गाडीचा वेग तेथे शून्य झालाच पाहिजे. पुढे रूळ नाहीत, दरी आहे. १८६९ च्या जानेवारीत पुण्याकडून मुंबईस येणारी एक उतारू गाडी तेथे थांबू शकली नाही. ब्रेक निकामी ठरले, आणि गाडी स्थानकाचा अडसर फोडून पलीकडे गेली. हिंदुस्थानातील लोहमार्गाच्या इतिहासातील पहिल्या मोठ्या अपघातांत त्याची गणना होते.

त्या काळी गाडीच्या प्रत्येक डब्यास ब्रेक नसत. इंजिन आणि ब्रेकची सोय असलेले थोडे डबे यांवरच भिस्त असे. पावसाने निसरड्या झालेल्या रुळावर चाकाची पकड आपल्यावरील भाराच्या दहाव्या भागाइतकीच राहिली, असे समजू. सदतिसास एक या उतारावर दर टनामागे सत्तावीस किलोग्रॅम-भार ओढ असते. तिच्यातून चाकांचा स्वाभाविक विरोध वजा केला, तरी गाडीच्या एकूण वजनाचा सुमारे चौथा हिस्सा ब्रेक लावलेल्या चाकांवर असल्याखेरीज वेग नुसता स्थिरही राहणार नाही. थांबविण्यासाठी याहून अधिक हवा. कोरड्या, वाळू टाकलेल्या रुळावर हे प्रमाण दहाव्या हिश्श्यावर येते. घाटातील इंजिनांवर वाळूच्या पेट्या का असत, पावसाळ्यात घाट अधिक धोक्याचा का, आणि सर्व डब्यांना एकदम लागणाऱ्या निर्वात ब्रेकचे महत्त्व काय, या तिन्ही प्रश्नांचे उत्तर एवढ्या हिशेबात आहे. निर्वात ब्रेकची विशेषता अशी की, गाडी मध्येच तुटली किंवा नळी फुटली तर तो आपण होऊन लागतो.

१८६९ नंतर घाटांत एक वेगळा उपाय योजिला गेला. मुख्य मार्गापासून ठिकठिकाणी आडफाटे काढण्यात आले. हे फाटे पुढे जाऊन उतरत नाहीत, डोंगराच्या अंगावर वर चढतात. सांधा नेहमी या फाट्याकडे वळविलेला असतो. उतरणारी गाडी आधी थांबली आणि ती ताब्यात असल्याची खात्री पटली, तरच तिच्यासाठी मुख्य मार्ग खुला करायचा. ताबा सुटलेली गाडी आपोआप फाट्यावर जाते आणि चढता चढता थांबते. येथे ऊर्जा उष्णतेत जिरविण्याची फारशी खटपट नाही; उताराने दिलेली वेगाची ऊर्जा पुन्हा उंचीस परत केली जाते. ताशी ४० किलोमीटर वेगाची गाडी घर्षण सोडून देता ६.३ मीटर उंच चढून थांबेल. ताशी ८० किलोमीटर वेगाची गाडी मात्र २५ मीटर चढेल. वेग दुप्पट, पण उंची चौपट. वेगातील ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते हे विधान वर्गातील फळ्यावर निर्जीव वाटते. आडफाटा किती लांब ठेवावा या प्रश्नात त्यावर माणसांचे प्राण अवलंबून असतात.

५

विसाव्या शतकाने या हिशेबात नवी कलमे घातली. १९२९ साली बोरघाटात नव्या बोगद्यांतून नवी वाट काढण्यात आली आणि उलट दिशेने जाण्याचे स्थानक रद्द झाले. त्याच वर्षी विजेची गाडी पुण्यास पोचली, आणि १९३० साली इगतपुरीपर्यंत. या घाटांसाठी स्वित्झर्लंडात व इंग्लंडात बांधलेली विजेची इंजिने १९२८ पासून आली होती. रेल्वेच्या कामगारांनी त्यांना ‘खेकडा’ असे नाव दिले. या खेकड्याचे वैशिष्ट्य असे की, उतारावर त्याचे मोटर स्वतः वीज उत्पन्न करू लागत. उतरणाऱ्या गाडीचे वजन चाके फिरवी, चाके मोटर फिरवीत, आणि त्यातून निघालेली वीज वरच्या तारेत परत जाई. चढणारी दुसरी गाडी ती वापरू शके. ब्रेकच्या ठोकळ्यांत उष्णता होऊन वाया जाणारी ऊर्जा अशा रीतीने अंशतः कामास आली. पुढील काळातील विद्युत् इंजिनांनीही हे तत्त्व निरनिराळ्या रीतींनी चालविले आहे.

याच डोंगराने तेच तत्त्व त्याआधी दुसऱ्या रूपाने दाखविले होते. लोणावळ्याकडील तलावांचे पाणी नळांतून पाचशे मीटरांहून अधिक खाली सोडून त्यावर वीज करणारे टाटांचे केंद्र खोपोलीस १९१५ साली सुरू झाले. बोरघाट उतरणारी गाडी आणि खोपोलीस उतरणारे पाणी यांची उंची जवळजवळ सारखी आहे. एकास ऊर्जा कशी घालवावी याची चिंता, दुसऱ्यास ती कशी मिळवावी याची. उतरण तीच, हिशेबाची बाजू तेवढी बदलली.

म्हणजे सह्याद्रीच्या उतरणीवरील ऊर्जेस तीन वाटा क्रमाने सापडल्या : प्रथम ठोकळ्यांतील उष्णता, नंतर आडफाट्याची उंची, आणि शेवटी तारेतील वीज. तिन्ही उपाय अद्याप एकमेकांच्या साहाय्यास उभे आहेत, कारण कोणताही एक उपाय कधीतरी दगा देऊ शकतो.

६

आता शब्दांकडे वळू. येथे एक कालिक योगायोग नोंदण्याजोगा आहे. बोरीबंदर ते ठाणे ही गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली. त्याच वर्षी स्कॉटलंडात विल्यम रँकिन यांनी स्थितीमुळे साठलेल्या ऊर्जेस स्वतंत्र नाव दिले. गॅलिलिओने उतरणीवरील गोळ्यांचे प्रयोग १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात मांडले होते. परंतु ‘कार्य’ या अर्थाची पारिभाषिक संज्ञा फ्रान्सात कोरिऑलिस यांनी १८२९ साली रूढ केली, ‘ऊर्जा’ या अर्थाचा शब्द टॉमस यंग यांनी १८०७ साली वापरला, आणि उष्णता व कार्य यांचे प्रमाण जूल यांनी १८४३ पासून प्रयोगांनी ठरवीत नेले. तात्पर्य, घाटांची मोजणी चालू होती त्या दशकांत युरोपातही हे शब्द नवेच होते. मराठी त्या बाबतीत शतकानुशतके मागे होती असे समजण्याचे कारण नाही.

मराठीत प्रथम हा सारा भार ‘शक्ती’ या एकाच शब्दावर पडला. त्याची साक्ष आजच्या रूढ जोडशब्दांत टिकून आहे. ‘गुरुत्वाकर्षणशक्ती’ म्हणताना ओढ अभिप्रेत असते; ‘अश्वशक्ती’ म्हणताना काम करण्याचा दर; ‘वाफेची शक्ती’ म्हणताना काम करण्याची क्षमता. तीन भिन्न राशी, आणि नाव एक. उतरणीचा हिशेब अशा भाषेत मांडणे कठीणच. गाडीस खाली ओढणारी ‘शक्ती’ घाटाच्या माथ्यावर आणि पायथ्याशी एकाच उतारावर सारखीच असते. उताराने साठविलेली ‘शक्ती’ मात्र पदोपदी बदलत असते. अर्थांची फारकत झाल्याखेरीज हे वाक्य परस्परविरोधी वाटते.

ही फारकत विसाव्या शतकात झाली. मध्य प्रांताची राजधानी असलेल्या नागपुरास डॉ. रघुवीर यांनी संस्कृत धातू, उपसर्ग व प्रत्यय यांवरून हजारो पारिभाषिक शब्द घडविले. वर्धा जिल्हा त्याच प्रांतात होता. महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर १९६० साली भाषा संचालनालय स्थापन झाले आणि परिभाषेचे काम शासकीय पातळीवर सुरू झाले. विश्वकोशाचे कार्यही त्याच काळात हाती घेण्यात आले. यांतून बल अथवा प्रेरणा, शक्ती, कार्य आणि ऊर्जा हे शब्द आपापल्या ठिकाणी स्थिरावले. बल व प्रेरणा यांची स्पर्धा पाठ्यपुस्तके आणि विश्वकोश यांमध्ये दिसून येते. ऊर्जेस मात्र प्रतिस्पर्धी उरला नाही.

‘ऊर्जा’ हा शब्द ‘ऊर्ज्’ या वैदिक शब्दाच्या कुळातला. बल, सत्त्व, पोषण हे त्याचे मूळ अर्थ. कार्तिक मासासही ‘ऊर्ज’ हे प्राचीन नाव आहे. बोलीत रूढी नसल्याने या शब्दास कोणताही जुना अर्थ चिकटलेला नव्हता, आणि हेच त्याच्या यशाचे कारण. ‘कार्य’ या शब्दाची गोष्ट उलट आहे. ‘घरी कार्य आहे’ म्हटल्यास मराठी माणसास लग्न-मुंज आठवते. तर्कशास्त्रात ‘कार्य’ म्हणजे कारणाचा परिणाम. पदार्थविज्ञानाने त्यास बल आणि त्या बलाच्या दिशेने झालेले विस्थापन यांच्या गुणाकारात बांधले. त्यामुळे डोक्यावर ओझे घेऊन निश्चल उभा असलेला हमाल त्या ओझ्यावर काहीच ‘कार्य’ करीत नाही, असे विद्यार्थ्यास सांगावे लागते आणि त्यास ते अन्यायाचे वाटते. अपरिचित शब्द पाठ करावा लागतो; परिचित शब्दाचा अर्थ आधी विसरावा लागतो. दुसरे काम अधिक अवघड.

या दोन संस्कृत शब्दांच्या शेजारी मराठीचे स्वतःचे शब्दही उभे आहेत. ‘उतरण’ हा शब्द साध्या यंत्रांच्या यादीत पाठ्यपुस्तकात जसाच्या तसा आला आणि सहज रुळला. ‘घर्षण’ आणि ‘घासणे’ ही ‘घृष्’ या एकाच धातूची संतती. ‘घसरणे’ हे क्रियापद ध्वनीने व अर्थाने त्यांच्या लगतचे. जे घासते ते अडते आणि जे कमी घासते ते घसरते, हा पदार्थविज्ञानाचा नियम भाषेने शब्दांच्या शेजारातच नोंदून ठेविला आहे. लोहमार्गाने या शब्दांना नवे अर्थही दिले. गाडी रूळ सोडते तेव्हाही मराठीत ती ‘घसरते’. स्थानकातून वेळेवर निघालेली गाडी ‘सुटते’. आणि उतारावर ताबा गेलेली गाडीही ‘सुटते’. कामगारांनी परक्या शब्दास ‘वाघीण’ केले, इंजिनास ‘खेकडा’ म्हटले. समितीची परिभाषा आणि रुळांवरची बोली या दोन प्रवाहांपैकी पहिल्यात काटेकोरपणा आहे, दुसऱ्यात प्रत्यक्ष अनुभव आहे.

७

या दोन प्रवाहांची भेट शाळेच्या वर्गात व्हावयास हवी. तेथे बहुधा असे होते की, कार्य व ऊर्जा यांचे धडे अनामिक ठोकळा, अनामिक फळी आणि घर्षणरहित पृष्ठभाग यांच्या आधारे शिकविले जातात. घर्षणरहित पृष्ठभागाची कल्पना गणितास सोयीची आहे. परंतु घर्षण नसल्याने काय अनर्थ ओढवतो हे त्या फळीवर दिसत नाही. रोहण्याच्या मुलास ज्या कापसाची ओळख जन्मापासून आहे, त्याची एक गाठ इगतपुरीहून कसाऱ्यास उतरताना किती ऊर्जा सोडते, हा प्रश्न त्यास घातला तर ‘ऊर्जा’ हा शब्द पाठ करण्याची गरज राहत नाही. उत्तर काढताना तो आपोआप विचारील की, ही ऊर्जा गेली कोठे. १८६९ च्या अपघातानंतर अभियंत्यांना याच प्रश्नाचे उत्तर शोधावे लागले होते.

परिभाषेचे यश तिच्या व्युत्पत्तीच्या शुद्धतेवरून ठरत नाही. तिच्या साहाय्याने हिशेब मांडता येतो की नाही यावरून ठरते. ‘शक्ती’ या एका शब्दात गोंधळलेली तीन राशींची खाती मराठीने वेगळी केली, आणि त्यामुळे घाटातील गाडीचा हिशेब आज शुद्ध मराठीत, एकही संज्ञा उसनी न आणता, पूर्ण मांडता येतो. भाषेच्या दृष्टीने हे अल्प काम नव्हे.